चंद्रताल आणि चार नंबरचा तंबू

हिमालयाच्या पायाशी उभं राहिलं की माणसाचा अहंकार गळून पडतो, असं पूर्वापार सांगितलं जातं. हे विधान तपासायला मी गेलो नव्हतो. मी गेलो होतो तो आमच्या हडपसरच्या सोसायटीतल्या बी विंगच्या नेर्लेकरांपेक्षा मोठा होऊन परत यायला.

नेर्लेकर बँकेतून निवृत्त झाले आणि लगेच सोसायटीचे सेक्रेटरी झाले. गेल्या वर्षी ते स्पितीच्या वाटेवरच्या चंद्रताल या तळ्यावर जाऊन आले. वार्षिक सभेनंतर पोहे संपेपर्यंत कोणी उठत नाही हे हेरून त्यांनी हॉलमध्ये पडदा लावला आणि फोटो दाखवले. कार्यक्रमाचं नाव होतं 'चंद्रताल : एका साधकाची जलयात्रा'. साधक स्वतः एकाही फोटोत नव्हता. विनय असेल, असं आम्हाला वाटलं. फोटो मात्र, लिहायला वाईट वाटतं, अप्रतिम होते. चौदा हजार फुटांवरचं निळं पाणी, त्यात उलटे पडलेले बर्फाचे डोंगर, आणि काठाशी चक्रवाक बदकांची केशरी जोडी. शेवटी नेर्लेकर म्हणाले, "मी होतो आणि चंद्रताल होतं. मध्ये कोणीच नव्हतं."

टाळ्या पडल्या. माझी बायको सुजाता जरा जास्तच वेळ वाजवत होती.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. सोसायटीत पाणी हा विषय माझा आहे. टाकी भरली नाही तर लोक मला उठवतात. आणि तळ्यावर टाळ्या मिळाल्या बँकवाल्याला. मी तिथेच, हातात पोह्यांची बशी असताना, जाहीर केलं, "पुढच्या सभेला मी दाखवतो चंद्रताल. तांत्रिक बाजूसकट."

"अवश्य," नेर्लेकर म्हणाले. "फक्त चढ जपून."

तो सल्ला मला टोमणा वाटला.

सप्टेंबरात आम्ही निघालो. चंदीगडपर्यंत विमानानं, पुढे मनालीपर्यंत गाडीनं. मनालीत आमची गाठ नोर्बूशी पडली. पुढचे चार दिवस तो आमचा ड्रायव्हर असणार होता. लाहौलचा माणूस, चाळिशीचा, बोलण्यापेक्षा हसणं पसंत करणारा. पहिल्याच मिनिटाला त्यानं सुजाताला 'दीदी' म्हटलं आणि मला 'अंकलजी'. सुजाता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, हे त्याला सांगायची संधी मी शोधत राहिलो. मिळाली नाही.

"अंकलजी, आणखी एक दिवस थांबा," तो त्याच्या हिंदीत म्हणाला. "एकदम वर नको. उंचीची सवय होऊ दे."

"नेर्लेकर किती दिवस थांबले होते?" सुजातानं मला विचारलं.

"दोन."

"मग आपण तीन थांबू."

मी एकच रात्र थांबायचं ठरवलं. नेर्लेकरांना लागले दोन दिवस, मला एक, हे वाक्य सभेत कसं वाटेल याचा मी विचार केला होता. फुप्फुसांना विचारलं नव्हतं.

मनालीहून बोगद्यातून पलीकडे आलं की झाडं संपतात. अलीकडे देवदार, पलीकडे नुसता दगड. जणू कुणीतरी हिरव्या रंगाची मंजुरीच रोखून धरली आहे. मुख्य रस्ता सोडून गाडी चंद्रा नदीच्या काठाला लागली आणि रस्ता संपला. गाडी चालत होती ती दगडांनी एकमेकांशी केलेल्या तात्पुरत्या करारावर. दर थोड्या अंतरानं हिमनदीचं वितळलेलं पाणी आडवं यायचं. नोर्बू खाली उतरायचा, पाण्याकडे बघायचा, एखादा दगड हलवायचा आणि गाडी पार न्यायचा. चौतीस वर्षांत मी पाण्याकडे इतकं नीट बघणारे फार थोडे पाहिले, आणि त्यातल्या एकालाही बढती मिळाली नाही.

छत्रूला एका ढाब्यावर राजमा-भात खाल्ला. बाहेर दोरीला रंगीत पताका फडफडत होत्या, त्यांच्यावर मंत्र छापलेले. सुजातानं बूट काढून हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. नोर्बू बघत होता.

"दीदी, आप भी बौद्ध?"

"हां. हमारे दादाजी ने छप्पन में दीक्षा ली."

"छप्पन में?" त्याला भारीच गंमत वाटली. "आमच्यात कधी घेतली ते कुणालाच ठाऊक नाही. आजोबाही बौद्ध, त्यांचे आजोबाही बौद्ध. तारीख नाही."

मला त्यांच्या त्या शेकडो वर्षांचा हेवा वाटला. नोर्बूला बहुधा आमच्या तारखेचा वाटला असावा, कारण त्यानं ती सुजाताकडून दोनदा म्हणवून घेतली. पुढचा सगळा रस्ता ती दोघं बोलत होती. तिकडची लग्नं कशी लागतात, आमच्याकडची कशी लागतात, विहारात मुलांचे वर्ग कोण घेतं. मी मागच्या सीटवर एकटा बसून होतो. पाणी पीत नव्हतो, कारण वाटेत आडोसा कुठेच नव्हता. उंचीवर भरपूर पाणी प्यावं हे मला ठाऊक होतं. पाणी हा माझा विषय आहे, हे वर आलंच आहे.

दुपारी दोनला तंबूंपाशी पोचलो. इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. चंद्रताल ही संरक्षित पाणथळ जागा आहे. तिच्या काठावर तंबू ठोकता येत नाही. मुक्काम करायचा तो काही किलोमीटर अलीकडे. गाडीही तळ्यापर्यंत जात नाही. शेवटचा किलोमीटरभर पायी. काठावर चूल नाही, साबण नाही. आणि हा नियम पाळला जातो! एवढ्या उजाड मुलखात, बघायला कोणी नसताना. पुण्यात एका नदीच्या पूररेषेचा नकाशा मी स्वतः काढला होता. त्या निळ्या रेषेच्या आत आज दोन मंगल कार्यालयं आहेत. मी त्यातल्या एकात जेवलोही आहे. नोर्बू सहज म्हणाला, "तालाजवळ आम्ही कुणी मुक्काम करत नाही," तेव्हा माझ्या पोटात काहीतरी ढवळून आलं. मला वाटलं हेवा असेल.

हेवा नव्हता. मी गाडीतून उतरलो, चार पावलं चाललो आणि राजमा-भात हिमालयाला परत केला.

तंबूंची व्यवस्था छेरिंग नावाच्या पन्नाशीच्या बाई बघतात. त्यांनी मला चार नंबरच्या तंबूत आडवं केलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा वाचला. "बहत्तर."

"आमच्या काळी बहात्तर म्हणजे फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

"यहां फेल है," छेरिंगबाई म्हणाल्या आणि माझ्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मग त्यांनी सुजाताचं बोट घेतलं. एकोणनव्वद.

"अंकलजी आता हलणार नाहीत. पाणी प्यायचं, पडून राहायचं. सकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर खाली," त्यांनी निकाल दिला. "दीदी जाऊ शकतात. ऊन आहे तोवर."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. "मी थांबू का?"

नको म्हणायला मला जितका वेळ लागला, त्याचा मला अभिमान नाही.

"जा," मी म्हणालो. "कॅमेरा घेऊन जा. आडवे फोटो काढ, उभे नको. पडद्यावर उभे बरे दिसत नाहीत."

ती गेली. नोर्बूची गाडी उतारावरून लांब जाताना ऐकू येत होती. तंबूच्या फटीतून एक तपकिरी डोंगर दिसत होता, त्यावर काहीही नव्हतं. तळं त्या बाजूला नव्हतंच. सिलिंडर बारीक शिट्टी घालत होता. बाराशे मैलांवरून मी एक तंबू बघायला आलो होतो.

छेरिंगबाईंनी थुक्पा (भाज्या घातलेलं शेवयांचं पातळ सूप) आणून दिला आणि माझा चेहरा बघून एक जाड वहीही आणून ठेवली. पाहुण्यांच्या अभिप्रायांची. "वाचा. तुमचे पुणेवाले फार लिहितात."

खरोखरच. दिल्लीच्या लोकांनी 'नाईस' लिहिलं होतं, परदेशी लोकांनी हृदयं काढली होती, आणि आमच्या लोकांनी सूचना केल्या होत्या. 'चहा उत्तम. मात्र साखर मागितल्यावरच द्यावी.' 'थुक्प्यात दाण्याचं कूट घालून पाहावं.' 'शौचालयाच्या दाराची कडी आतून लागते, परंतु उघडत नाही.' एकानं तंबू वाऱ्याच्या दिशेला किती अंशात वळवावा याची आकृती काढली होती. मला घरी आल्यासारखं वाटलं. मी मागची पानं चाळत गेलो आणि एका पानावर थांबलो. अक्षर गोल, टपोरं, रेषेवर बसलेलं.

'मी एकटी तळ्याला पूर्ण फेरी मारून आले. इतकं सुंदर आजवर काही पाहिलं नाही. हे दोन्ही दिवस तंबूतच होते, ऑक्सिजन अडुसष्टवर गेला होता. छेरिंगताईंनी यांची फार काळजी घेतली. फोटो मी काढले आहेत. तंबू नं. ४ ची गादी चांगली आहे. — सौ. वासंती नेर्लेकर, हडपसर, पुणे.'

मी ते तीनदा वाचलं. मी होतो आणि चंद्रताल होतं, मध्ये कोणीच नव्हतं! मध्ये चार-पाच किलोमीटर होते, एक सिलिंडर होता आणि वासंतीवहिनी होत्या. माझं डोकं दुखायचं थांबलं. मी मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला. हा माझा शेवटचा फोटो असणार होता, सभेतला. शिवाय अडुसष्ट! मी नेर्लेकरांपेक्षा चार मार्कांनी पुढे होतो.

हे मी त्यांच्याच गादीवर पडून मोजत होतो, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

ऊन कलताना सुजाता परत आली. गाल लाल, ओठ फुटलेले, बुटांत चिखल. तिचा असा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता. तो माझ्यामुळे झालेला नव्हता याचं मला वाईट वाटलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"अहो, कसं सांगू? ढग आला की हिरवं होतं, गेला की निळं. काठाला दलदल आहे, पाय आत जातो, मऊ गवत. आणि चक्रवाक! पिल्लंसुद्धा, मोठी झालेली. मी एका दगडावर बसून राहिले. नोर्बू म्हणाला, दीदी चला, मी म्हटलं अजून पाच मिनिटं. असं चार वेळा झालं."

"भिंत नाही ना कुठे?"

"कसली भिंत?"

"बांधाची."

"नाही हो. नुसतं साठलेलं आहे. आपोआप."

जन्मभर मी पाणी अडवलं. निविदा काढून, भिंत घालून, गळती शोधून. आणि इथे ते कुणीही न अडवता थांबलं होतं, आणि ते बघून आली होती सुजाता.

तिनं वही पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. मी मान उंचावून वाचलं. 'हे तंबूत होते.'

"ते लिहायची काय गरज आहे?"

"खरं आहे ना?"

"खरं आहे म्हणून लिहायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"तुम्ही पूररेषेच्या वेळी उलटं म्हणत होतात," ती म्हणाली आणि सही केली.

सकाळी माझा आकडा अठ्ठ्याहत्तर झाला, पण छेरिंगबाईंनी तळ्याचं नावही काढू दिलं नाही. आम्ही खाली उतरलो. दर वळणाला माझं डोकं हलकं होत गेलं आणि मन जड.

पुण्यात पोचल्यावर फोटो उघडले. दोनशे बारा. सगळे आडवे. नेर्लेकरांच्या फोटोंपेक्षा, म्हणजे वासंतीवहिनींच्या फोटोंपेक्षा, कणभर सरसच. मी त्यातले चाळीस निवडले, तळ्याच्या पाण्याच्या स्रोतावर दोन तक्ते केले, आणि सर्वांत शेवटी वहीच्या पानाचा फोटो लावला. सुजातानं तो पाहिला आणि लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला.

सभा झाली, पोहे आले, पडदा लागला. नेर्लेकर पहिल्या रांगेत होते. मी वायर जोडायला वाकलो तसे तेही वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तंबू कुठला मिळाला?"

"चार नंबर."

"गादी चांगली आहे त्यातली," ते म्हणाले.

मी सरळ उभा राहिलो. समोर साठ माणसं होती, बशीत चमचे वाजत होते. पहिलाच फोटो पडद्यावर आला आणि सगळा हॉल "अहाहा" म्हणाला. सी विंगच्या एका काकूंनी विचारलं, "हो, पण पाणी हाताला कसं लागतं? गार?"

तक्त्यात ते नव्हतं. नेर्लेकरांनी छताकडे बघायला सुरुवात केली. मी सुजाताकडे पाहिलं. ती मला वाचवणार नव्हती, हे स्पष्ट होतं.

"तिला विचारा," मी म्हणालो. "तळ्यावर ती गेली होती. मी तंबूत होतो."

सुजाता पुढे आली आणि तासभर बोलली. पाणी कसं लागतं, चक्रवाक आपल्या पिल्लांना कशी हाक मारतो, छप्पन साल नोर्बूनं दोनदा का विचारलं. मध्येच वासंतीवहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "त्या मोठ्या दगडावर मीही बसले होते!" मग दोघी मिळून सांगू लागल्या. नेर्लेकरांकडे कोणी बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. सुजाता "पुढचा" म्हणाली की मी कळ दाबत होतो. शेवटच्या फोटोपर्यंत आल्यावर मी लॅपटॉप मिटला. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा जास्त पडल्या. मी मोजत नव्हतो, पण जास्त पडल्या.

तेच चक्रवाक हिवाळ्यात हिमालय सोडून खाली येतात, आणि आमच्या सोसायटीपासून थोड्याच अंतरावर, कवडीच्या बंधाऱ्यापाशी मुळा-मुठेत उतरतात. पाण्यावर फेस असतो, काठाला जलपर्णी आणि प्लास्टिक. त्यांची काही तक्रार नसते. डिसेंबरातल्या एका सकाळी नेर्लेकर आणि मी त्यांना बघायला गेलो. आम्ही जात असल्याचं घरी सांगितलं नव्हतं. दोन केशरी पक्षी बंधाऱ्यावर उभे होते. तळं बघून आलेले.

"नशीबवान," नेर्लेकर म्हणाले.

मग त्यांनी खिशातून ऑक्सिमीटर काढला. कवडीची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण साडेपाचशे मीटर आहे. माझा आकडा शहाण्णव आला. त्यांचा सत्त्याण्णव.