यंत्राखालची धुतलेली जागा

मुलांनो, आमच्या गावच्या किरणोत्साराचा आकडा उतरलेला फोनवर पाहून तुम्ही काल विचारलंत, "आजी, मे महिन्यात येऊ का?" म्हणून आजच लिहिते.

अणुभट्टीच्या अपघातानंतर बसवलेलं मोजणीचं यंत्र माझ्या खिडकीतून दिसतं. परवा सकाळी एक माणूस त्याच्याखालची तेवढीच माती खरवडून जागा पाइपने धूत होता. शेजारच्या सुमनताई कुंपणावरून ओरडल्या, "यंत्राला न्हाऊ घालतोस, मग माझ्या शेळ्यांचा चारा कोण धुणार रे?"

"उद्या साहेब येणारेत, काकू."

तापलेल्या पोराच्या काखेत बर्फ धरून मग थर्मामीटर लावावा, तसला हा प्रकार. शिसारी आली मला. असल्या आकड्यावर भरवसा ठेवून तुम्हाला कशी बोलावू?

यंदा येऊ नका. परसातला फणस जगला आहे. मीही आहे.