दादाच्या गाडीचा फिल्टर

आमचे बाबा जबलपूरच्या रिछाई भागात एका गोदामात हमाल होते. दादा आणि मी, दोघांत एकच स्वेटर. दादाची शाळा सकाळची, माझी दुपारची. मी शाळेला निघायच्या वेळी तो चौकात येऊन थांबायचा, स्वेटर काढून माझ्या हातात द्यायचा आणि उघड्या हातांनी घराकडे पळायचा. मी तो अंगात घालायची तेव्हा आतून ऊबदार असायचा... बाबांची कंबर गेली तेव्हा दादा नववीत होता. दोघांपैकी कोणी शिकायचं यावर घरात चर्चा झालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेऐवजी गॅरेजात जायला लागला, एवढंच. पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यातली पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि सांगत राहणार. निकालाच्या दिवशी दादानं गॅरेजभर पेढे वाटले आणि तेव्हापासून तो मला 'मॅडम' म्हणू लागला.

दीड महिन्यापूर्वी ऑफिसात वहिनीचा फोन आला. "ताई, या," एवढंच ती बोलली. विजय नगरहून रिक्षा करून पोचले तोवर दादा गेलेला होता. अंगणात ताडपत्रीखाली त्याची गाडी उभी होती, आणि त्या घटकेला माझ्या मनात आला तो तिच्या फिल्टरचा विचार. सांगताना लाज वाटते, पण खरं तेच.

ही जुनी विलायती गाडी एका बंगल्यामागे गवतात बुडाली होती. दादानं ती ओढून घरी आणली आणि कित्येक वर्षांचे रविवार तिच्यात घातले. इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलं. बेअरिंग नवी, पिस्टनच्या रिंगा नव्या. राहिला फक्त ऑइल फिल्टर. आजच्या गाड्यांसारखा तो बंद डबा नव्हता. इंजिनच्या कुशीला एक लोखंडी कटोरा लटकतो, त्यात घड्या घातलेल्या कागदाचं नळकांडं बसतं, तेच बदलायचं. जुनं पार सडलं होतं. तोवर दादाला फुप्फुसाच्या दुखण्यानं धरलं. फाटकापर्यंत गेला तरी धाप लागायची. आता त्याला एकच हवं होतं, आपण बांधलेलं इंजिन एकदा चालू झालेलं ऐकायचं. गॅरेजातले जुने सोबती म्हणायचे, "भैया, बिना फिल्टर के दो मिनट चला लो, क्या बिगड़ता है!" तो ऐकायचा नाही. "नव्या बेअरिंगले कचरा चारू काय?" म्हणायचा. मग फिल्टर शोधायचं काम मी अंगावर घेतलं.

"जुना नमुना घेऊन जा," दादानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मिस्त्री लोकांची ती रीतच आहे. मोडका भाग हातात घेऊन जायचं, दुकानदाराच्या काउंटरवर ठेवायचा, बोलायचं नंतर. पण त्या सडक्या नळकांड्यातून काळं तेल पाझरत होतं आणि मला तिथून ऑफिसात जायचं होतं. शिवाय गाडीचं मूळ पुस्तक मी डिकीतून शोधून काढलं होतं, त्यात फिल्टरचा नंबर स्वच्छ छापलेला होता. तो मी कागदावर उतरवून घेतला.

"काहून वो मॅडम, पर्सले डाग पडन म्हणून?"

"छापील नंबर आहे ना दादा. मी शिकलेली आहे, मला वाचता येतं."

तो हसला. "बरं मॅडम."

जबलपुरात त्या नंबरचा फिल्टर कुणाकडेच नव्हता. फोन करकरून मी मुंबईहून मागवला. आला तो दीड बोट आखूड. कटोऱ्यात ठेवला की वरच्या फटीतून तेल न गाळताच निघून जाणार. मग दिल्लीहून मागवला, मग कोइमतूरहून. तिन्ही दीड बोट आखूड. दादा प्रत्येक फिल्टर हातात घ्यायचा, बोटानं मापायचा आणि खिडकीत ठेवून द्यायचा. "कंपनीचीच चूक दिसून राहिली," असं म्हणून उलट माझीच समजूत काढायचा. एकदाच, अगदी हळू आवाजात, तो म्हणाला, "पुस्तक या गाडीचं हाय. कटोरा या गाडीचा हाय का, ते पाहा लागन." मी फाडकन म्हटलं, "पुस्तकात चुकीचं कसं लिहितील?" त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून तिकडे गेले की बरेचदा तो गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असायचा.

"काय करून राहिला, दादा?"

"चालवून राहिलो."

यात दोन वर्षं गेली, आणि मग दादाच गेला. तेराव्यानंतर, तो असतानाच मागवलेलं चौथं पार्सल आलं. तेही तेवढंच आखूड. ते मी खिडकीत आधीच्या तिघांशेजारी ठेवलं. मग जुनं नळकांडं वर्तमानपत्रात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि रिछाईला गेले. एका जुन्या दुकानात, मोटारींचे भाग मिळतात तिथे, काउंटरवर ठेवलं. बोलले काहीच नाही.

म्हाताऱ्या दुकानदारानं कागद पुरता उलगडलाही नाही. "ट्रैक्टर का है, दीदी."

"नहीं जी, कार का है."

"कार होगी. कटोरा ट्रैक्टर का है. पहले सामान मिलता कहाँ था? जिसको जो हाथ आया, ठोंक दिया." मागच्या फळीवरून त्यानं एक खोका काढून समोर ठेवला. "एक दूँ कि दो? नमुना पहले ही ले आतीं..."

मी दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं. आमच्या घरापासून ते दुकान चालत वीस मिनिटं आहे. फळीवरचा फिल्टर ओळखायला दादाला फार तर एक मिनिट लागलं असतं. त्याला फक्त तिथवर चालता येत नव्हतं. त्याच्या बदली मी चालणार होते, आणि मी कागद घेऊन गेले. त्यानं मला शिकवलं, मग माझ्या शिकण्यापुढे स्वतःचं बरोबर असलेलं म्हणणं गिळून टाकलं. एकदा ओरडला असता माझ्यावर, तर बरं झालं असतं... पण दादा ओरडणारा नव्हता.

पुढच्या रविवारी मी साडीचा पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. कटोऱ्याच्या खोबणीत जुनी रबरी रिंग चिकटून बसली होती. ती तशीच राहू दिली तर नवी नीट बसत नाही आणि तेल गळतं, हे लहानपणी दादाच्या शेजारी उकिडवं बसून पाहिलेलं. सुईनं उकरून ती काढली. नवा फिल्टर बसवला, तेल भरलं. प्लगच्या वायरी काढून आधी इंजिन नुसतंच फिरवलं, तेल वर चढेस्तोवर. मग वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली.

दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. वहिनी ओट्यावर उभी होती. थोड्या वेळानं मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली, "ताई, नका बंद करू. ऐकू द्या थोडं." मग हळूच विचारलं, "त्यांना असाच आवाज पाहिजे होता का हो?"

मी इंजिन चालूच ठेवलं. कुठला आवाज बरोबर, हे त्यालाच कळत होतं.

वहिनीला मी शेजारी बसवलं. गाडी चालवायला मला दादानंच शिकवलं होतं. आम्ही दोघी तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून पलीकडे गेलो आणि त्याच गाडीनं घरी परत आलो. तेल कुठूनही गळलं नाही.