तबकडीमागं गेलेल्या सऱ्या

खोडदच्या आमच्या रानातून रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या तबकड्या दिसतात. बारावीला असताना दिवाळीच्या सुट्टीत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कांद्याच्या सऱ्या पाडायला ट्रॅक्टरवर बसवलं. "समोर एक खूण धर आन नाकासमोर चल." एवढंच शिक्षण. मी डोळ्यांत भरणारी वस्तू धरली, तबकडीची कड. झालं! तबकडी हळूहळू वळत गेली, तिच्यामागं मी आणि माझ्यामागं सऱ्या.

आण्णा बांधावरून असे ओरडले की पार वस्तीवर ऐकू गेलं. "अगं, हलनाऱ्या वस्तूवर कशाला नजर ठिवतीस? देवळाचा कळस काय पळून चालला व्हता का?" सगळ्या सऱ्या मोडून पुन्हा पाडायला लावल्या. मी लई चिडले, दोन दिवस बोलले नाही.

आता मी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. गेल्या फेरीत एका परक्या बंदराच्या तोंडाशी जीपीएसनं आमचं जहाज चक्क डोंगरावर चढलेलं दाखवलं. दोन्ही अंगांना उथळ वाळू, आणि जहाजावर आम्ही बावीस माणसं. कॅप्टन म्हणाले, "खुणा बघून जागा काढ. पटकन."

मी बाहेरच्या होकायंत्राकडे धावले. त्याच्यावरच्या फटीतून खूण पाहायची, अंश वाचायचे, नकाशावर रेघ ओढायची. रेघा मिळतील तिथं आपण. सगळ्यात जवळ वाट दाखवणारा लालभडक बोया तरंगत होता. मी त्याच्यावर रोख धरलासुद्धा, आणि कानात आण्णा ओरडले. बोया सोडला. दीपगृह, कारखान्याची चिमणी आणि टेकडीवरचा मनोरा घेतला. रेघा मिळाल्या त्या वाळूच्या अगदी कडेला. कॅप्टननी तिथल्या तिथं जहाज वळवलं.

नंतर जहाज बंदरात आत नेणारा तिथला पायलट वर आला. त्यानं सांगितलं, वादळात तो बोया जागचा सरकलाय. त्याच्यावरून जागा काढली असती, तर आम्ही थेट वाळूत.

बंदरातून घरी फोन लावला. सगळं सांगून म्हटलं, "आण्णा, त्या दिवशी ओरडलात म्हणून आम्ही वाचलो. तुमचे उपकार कसे फेडू?"

आण्णा म्हणाले, "पोरी, तबकड्या नव्या व्हत्या तवा मी बी तबकडीवरच नजर धरली व्हती. अख्खं रान वाकडं केलं. तुझा आजा लई वरडला मला."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कसं बोलनार? तवर त्या चुकीनं कुनाचं जहाज वाचलं न्हवतं."