एकतीस टक्क्यांवरचा होकार

आमच्या रसिकाचं लग्न एका बॅटरीमुळे मोडता मोडता राहिलं, आणि त्यात बॅटरीचा दोष तसा फार थोडा होता.

हा फोन रसिकाने सहा वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्या पगारातून मला घेऊन दिला. तेव्हा तो दिवसभर चालायचा. पुढे त्याचं वय झालं आणि त्याने माझ्याच सवयी उचलल्या. जेवणानंतर गरम व्हायचा, बोलता बोलता डोळे मिटायचा आणि एकदा झोपला की उठायला तासभर घ्यायचा. त्यातही काही नियम नव्हता. कधी एका टक्क्यावर सबंध संध्याकाळ काढेल, तर कधी एकतीस टक्क्यांवर कोणालाही न सांगता बंद! तीन महिने आमच्या घरात एकच वाद चालू होता, बॅटरी बदलायची की नाही.

"बाबा, धरमपेठेत माझ्या लॅबच्या खालीच दुकान आहे. अर्ध्या तासात बदलून देते तो," रसिका म्हणायची.

"पोट उघडते वं तो त्याचं!"

"फोनचंच उघडते ना? तुमचं तर नाही!" सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची.

खरं सांगायचं तर मला तो तसाच आवडायचा. हुडकेश्वरच्या आमच्या घरात फोन चार्ज करायचं एकच ठिकाण धड चालतं आणि ते नेमकं कूलरच्या शेजारी आहे. फोन लावला की त्याच्याजवळ बसणं आलंच. मे महिन्याची दुपार, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, खिडकीबाहेर एक पानही न हलवणारा कडुनिंब. फोन बंद, म्हणजे जग बंद. भिंतीकडे पाहत पाहत मी कुठल्या कुठे जाऊन यायचो. (सुनंदाच्या भाषेत याला 'तंद्री' म्हणतात, आणि रागात असली तर याहून वाईट शब्द आहे.) एवढं सुख कोणी मुद्दाम दुरुस्त करून घेतं का?

अशात रसिकाचं जमलं. मुलगा तिनेच शोधला होता. निखिल, पारशिवनीचा, शेतकरी घरातला, तिच्याच लॅबमध्ये काम करणारा. भेटीगाठी झाल्या, दोन्ही घरांनी एकमेकांचं जेवण चाखलं. आता मुलीच्या बापाने फोन करून होकार कळवायचा, एवढंच उरलं होतं. मात्र निखिलची आधीची एक सोयरीक शेवटच्या क्षणी फिसकटली होती. त्यामुळे त्याचे वडील देवरावजी आणि त्याची शांताआत्या, दोघंही ताकसुद्धा फुंकून पीत होते.

त्या दिवशी रसिका सकाळी निघताना दारात थांबली. "बाबा, बारा वाजता फोन करा. फक्त हाव म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"हाव," मी म्हणालो.

"हे मला नाही, त्यांना म्हणा!"

सुनंदाही बहिणीकडे कुरडया घालायला धरमपेठेत गेली. घरात मी, कूलर आणि फोन. बारा वाजता मी नंबर लावला तेव्हा बॅटरी बरोबर एकतीस टक्के होती. हाव म्हणायला अशी किती बॅटरी लागणार?

पण तो शब्द तोंडाशी आला आणि तिथेच अडकला. आपण हाव म्हटलं की पोरगी गेली, हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मग मी आधी पारशिवनीच्या उन्हाचं विचारलं. नंतर कपाशीचं विचारलं. नंतर कालव्याच्या पाण्याचं विचारलं. देवरावजी सगळ्याला उत्तर देत होते, पण त्यांचा आवाज दर प्रश्नाला बारीक होत चालला होता. शेवटी त्यांनीच धीर केला.

"मंग... पोट्टा कसा वाटला जी तुमाले?"

"पोट्टा छान आहे," मी म्हणालो. "घर छान, माणसं छान. सगळं छान आहे. पण..."

आणि फोन गेला.

मी घाबरलो नाही. पुढचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. फोन सुरू झाला की सांगू, असं म्हणून मी तो चार्जिंगला लावला. तो तव्यासारखा तापला होता, म्हणून कूलरसमोर ओल्या फडक्यावर ठेवला. आणि त्याला सोबत म्हणून पाच मिनिटं आडवा झालो.

इकडे मी आडवा झालो आणि तिकडे पारशिवनीत आत्याबाई उभ्या झाल्या! (हे मला नंतर कळलं.) देवरावजींनी सात वेळा फोन लावला. सातही वेळा बंद. रसिकाला लावावा, तर तिचा फोन लॅबच्या नियमाप्रमाणे कपाटात. "पण म्हटलं अन् फोन बंद केला," आत्याबाईंनी निकाल दिला. "फोनवर सांगाले लाजून राहिला तो मानूस. चला, तोंडावर विचारू." साडेबाराला, विदर्भात जेव्हा कुत्रंही सावली सोडत नाही तेव्हा, होकार ऐकायला सुट्टी घेऊन घरी थांबलेल्या निखिललाही बसवून त्यांनी गाडी काढली.

मला मात्र सुंदर स्वप्न पडत होतं. मी पेंचच्या धरणात बाजेवर पडलो होतो आणि बाज पाण्यावर हळूहळू वाहत होती. पाणी गार, हिरवं, वाळ्याच्या वासाचं. दूरवर निखिल लॅबच्या पांढऱ्या कोटात गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता आणि माझा फोन डोक्यावर उंच धरून माझ्याकडे येत होता. मला त्याची फार काळजी वाटली. तेवढ्यात आभाळातून आवाज आला.

"पण काय जी? सांगून टाका ना!"

"त्याले पोहता येत नाही," मी म्हणालो.

मग तेच आभाळ बाईच्या आवाजात किंचाळलं, "पोहता येत नाही म्हणून पोट्टा नापसंत?"

मी डोळे उघडले. समोर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले देवरावजी, लालबुंद आत्याबाई आणि मागे बिचारा निखिल. आमचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं.

"हुडकेश्वरात समुद्र हाये काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"मले पोहता येते काका," निखिल कळवळून म्हणाला. "कालव्यात शिकलो."

"पाहा, येते त्याले! आता तरी हाव म्हणा!" देवरावजींनी हात जोडले.

"तसं नाही जी, मी झोपेत..."

"झोपेत मानूस खरं बोलते," आत्याबाई म्हणाल्या आणि कूलरसमोरची खुर्ची धरून बसल्या. "जागेपणी काय म्हणून राहिले होते, ते सांगा आता. पण काय?"

मी तोंड उघडलं. डोक्यात नुसतं हिरवं पाणी. ते तयार असलेलं वाक्य, सबंध, शेपटासकट नाहीसं झालं होतं! माझे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. धागा तुटला की बोटं ओली करून क्षणात जोडायचे. तो गुण आमच्या घराण्यातून त्यांच्याबरोबरच गेला.

"आठवत नाही," मी म्हणालो.

एवढ्यात रसिका धावत आत आली, मागून सुनंदा. निखिलने वाटेतूनच लॅबच्या फोनवर कळवलं होतं, आणि आईला घेऊन ती रिक्षाने आली होती.

"बाबा, तुम्ही पण म्हणालात?"

"म्हणालो."

"पण काय?"

"तेच आठवून राहिलो वं पोरी."

"काहून जी? एक शब्द सांगितला होता ना पोरीनं?" सुनंदा कपाळावर हात मारून म्हणाली. तिच्या हातांना कुरडयांचा चीक तसाच होता. पण रसिका ओरडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणीही ती माझ्यामुळे कधी रडली नव्हती. मी स्वतःला मनापासून चार शिव्या दिल्या.

देवरावजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, मान पुसली, आणि गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा काढून टीपॉयवर ठेवला.

मी त्या कांद्याकडे पाहिलं. कांद्याने माझ्याकडे पाहिलं.

"ऊन!" मी ओरडलो. आत्याबाई खुर्चीत उडाल्या. "सापडलं! सगळं छान आहे, आजच गोड खायला या, पण ऊन उतरल्याशिवाय निघू नका! हेच सांगून राहिलो होतो!"

"येवढंच?" आत्याबाई म्हणाल्या.

"येवढंच."

"उन्हाचे निघू नका, हे आयकाले आमी भर उन्हाचे आलो?"

देवरावजी आधी हसले. मग निखिल, मग सुनंदा. सुनंदाने दिलेल्या पन्ह्याचा दुसरा ग्लास संपेपर्यंत आत्याबाईंनी दम धरला, पण शेवटी त्याही हसल्या. रसिका मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आता हाव म्हणा."

"म्हटलं ना आत्ता."

"नाही म्हटलं. अजून एकदाही नाही म्हटलं."

खरंच होतं. मी तिच्याकडे पाहिलं. कपाळाला घाम, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की जणू सगळं आयुष्य माझ्या जिभेवर ठेवून उभी आहे.

"हाव," मी म्हणालो. आवाज जरा फाटला, पण शब्द पूर्ण निघाला.

त्यानंतर ऊन उतरेपर्यंत कोणी कुठे जायचं नाही असं ठरलं. जेवणं झाली, कूलर घुमत राहिला आणि एकेक करून सगळे लवंडले. देवरावजी सतरंजीवर, आत्याबाई दिवाणावर, दोन्ही घरं एकाच वाऱ्यात घोरत. खिडकीपाशी रसिका आणि निखिल हळू आवाजात बोलत होते. एवढी सुखाची दुपार मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सुनंदाने मला हाताला धरून धरमपेठेत नेलं. दुकानदाराने फोन उघडून दाखवला तर आत बॅटरी पुरीसारखी फुगलेली! "काका, नशीब समजा," तो म्हणाला. नवी बॅटरी बसली. फोन आता दिवसभर टक्क जागा असतो, आणि रसिकाचं रोज फोन करून 'बाबा, बॅटरी?' असं विचारणं बंद झालं. त्याची मात्र थोडी चुकचुक वाटते.

मग लग्नाची तारीख निघाली. ती कळवायला मी मोठ्या रुबाबात देवरावजींना फोन लावला. "तारीख निघाली जी," मी म्हणालो. "हॉलही मिळाला. सगळं छान आहे. पण..."

खिडकीबाहेर कडुनिंबाचं एक पान हललं. किती दिवसांनी हललं होतं! मी पाहत राहिलो.

"पण काय जी?" देवरावजींचा आवाज आला. "हॅलो? बॅटरी गेली काय?"

मी फोनकडे पाहिलं. ब्याण्णव टक्के. मग मी आपल्या डोक्यात पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

तिकडून, अगदी स्पष्ट, आत्याबाई म्हणाल्या, "देवराव, खिशात कांदा घे. निघाच लागते."