सासूबाईंबरोबर कर्नाळ्याला

आमच्याकडे गाडी नाही. रविवारी सोसायटीतल्या गाड्या लोणावळ्याकडे निघतात, तेव्हा मी आणि सासूबाई पाण्याच्या बाटल्या, घावनांचा डबा घेऊन वाशीच्या बसस्टॉपवर उभ्या असतो. सासरे गेल्यापासून फ्लॅटमध्ये त्यांचं मन रमेना. मालवणकडच्या खेड्यात वाढलेल्या बाईला झाडं हवी होती. बोरिवलीचं नॅशनल पार्क आम्ही बस बदलत बदलत पाहिलं. मग एकदा पनवेलहून पेणची एसटी पकडली आणि कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलो.

कंडक्टरनं हायवेवरच, गेटासमोर उतरवलं. आत बरंच चालल्यावरही ट्रकांची घरघर कानात होती. मी म्हटलं, "आई, इथं हरवायची सोयच नाही. आवाजाकडे चालत राहिलं की रस्ता."

दुपार होती. वारा अगदी पडलेला. जेवायला सावली शोधत आम्ही वाट सोडून जरा आत गेलो. एक मोठं उंबराचं झाड आडवं पडलं होतं, त्याला टेकून जेवलो. सासूबाईंनी घावनाचा एक तुकडा मुंग्यांसाठी बुंध्याशी ठेवला. मग परत निघालो. थोडं चाललो आणि समोर तेच उंबर. माझंच चुकलं असेल म्हणून दुसऱ्या अंगाला वळले. पुन्हा उंबर. बुंध्याशी तो तुकडा तसाच होता. एकही मुंगी लागली नव्हती.

मोबाइलला रेंज नव्हती. आणि तेव्हाच लक्षात आलं, ट्रक ऐकू येत नव्हते. पक्षीही नाहीत. पाचोळ्यावर माझंच पाऊल वाजलं तरी मी दचकत होते.

"चकवो लागलो," सासूबाई हळूच म्हणाल्या. एरवी त्या माझ्याशी मालवणी बोलत नाहीत.

"म्हणजे आता काय करायचं?"

"चालायचं नाही. जितकं चालशील तितकं फिरवील. उभी राहा माझ्याजवळ."

त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून, देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही दोन माणसां तुझ्या रानात इली. काय चुकला माकला असात तां पोटात घाल, आणि तेंका वाटेर लाव रे म्हाराजा!"

मी नगरकडची. तरी गाऱ्हाण्याला सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण जीभ टाळूला चिकटली होती. मी नुसती उभी राहिले.

सासूबाईंनी समाधानानं मान हलवली. "चल आता."

दहा-बारा पावलं गेलो असू, आणि एकदम हॉर्न वाजला. हायवे झाडांच्या पलीकडेच होता. गेट मात्र बरंच मागे राहिलं होतं. आम्ही हात दाखवून एसटी थांबवली.

बसल्यावर सासूबाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं तू साथ दिलीस. एकट्याचं गाऱ्हाणं पोचत नाही."

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली.

"व्हय म्हाराजा म्हणालीस ना? पण आवाज एवढा जाडा कसा लागला तुझा? अगदी पुरुषासारखा."

मी काहीच ऐकलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता की खरं सांगवेना.

"घसा बसलाय, आई."

"ताक पीत जाऊ नको रात्रीचं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी फणसाडच्या अभयारण्यात जाऊ या म्हणत तिकडं कुठली बस जाते ते कंडक्टरला विचारू लागल्या. पनवेल येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.