मिरच्यांना दवा कधी मारली

वहिनी शेवटचे बोलल्या ते मिरच्यांबद्दल. हिवतापाने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, मी कचेरीतून येऊन उशाशी बसलो होतो. "भाऊजी, त्या परसातल्या मिरच्यांना..." एवढे म्हणून त्या थांबल्या. मी म्हणालो, "राहू द्या मिरच्या, वहिनी. पडून राहा." त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांना तापीवर नेले. याला आता दीड महिना होईल.

घासलेटच्या रिकाम्या डब्यांत मिरची लावायचा नाद त्यांना दादा गेल्यानंतर लागला. पाने चुरडू लागली की त्या आधी साबणाच्या पाण्यात घासलेट घालून शिंपडत. लढाईत घासलेट दिव्यापुरतेही मिळेना, तेव्हा त्यांनी तंबाखू धरली. रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची आणि थंड झाल्यावर केरसुणीने शिंपडायची. आमच्या बऱ्हाणपुरात याला सगळे दवाच म्हणतात. दवा म्हटल्यावर कोण कशाला भिणार...

शेजारच्या रुखमाबाईंशी त्यांची देवघेव परसातल्या भिंतीवरून चाले. मिरची हातात दिली की भांडण होते, म्हणून वहिनी मिरच्या भिंतीवर ठेवून आत येत आणि रुखमाबाई सवडीने उचलत. एकदा आदल्या संध्याकाळी शिंपडलेल्या झाडाच्या मिरच्या अशाच भिंतीवर गेल्या. रुखमाबाईंनी त्या न धुताच ठेचा रगडला आणि भाकरीबरोबर खाल्ला. दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, अंगाला गार घाम सुटला, हात कापू लागले. टांग्यातून डॉक्टर आले. वहिनी दिवस मावळेपर्यंत रुखमाबाईंच्या उशाशी बसून होत्या.

रुखमाबाईंचे यजमान दारात तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "तंबाखू तर आम्ही रोजच खातो ताई, तिनं काय व्हतं?"

"तुम्ही थुंकता," वहिनी म्हणाल्या. "हिनं गिळली."

रुखमाबाई बऱ्या झाल्या, पण वहिनींनी भिंतीवर मिरच्या ठेवणे सोडले. काढ्यासाठी कडा फुटलेले वेगळे मडके आले, ते स्वयंपाकघराबाहेर. शिंपडताना नाकावर पदर, नंतर कोपरापर्यंत हात धुणे. फवारल्यावर आठवडाभर झाडाला हात लावायचा नाही. मग रुखमाबाईंना हाक मारायच्या आणि मिरच्या त्यांच्या तळहातावर ठेवायच्या.

"ताई, हातात नका देऊ, भांडण व्हईल आपलं."

"झालं तर होऊ दे. मागच्या सोमवारी दवा मारली होती. तरी दोन पाण्यांनी धू."

त्यांचे भांडण व्हायचेही, पण मिरचीवरून नाही. रुखमाबाई फार मोठ्याने बोलतात, असे वहिनींचे म्हणणे होते.

दिवसकार्य उरकल्यावर मी परसात गेलो. झाडे मिरच्यांनी लगडलेली होती. दवा कधी मारली ते मला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना मी बोलू दिले नव्हते. वहिनींना काय सांगायचे होते, दवेचा दिवस की आणखी काही, हे आता कळायचा मार्ग नाही. रोज कचेरीत जाताना-येताना माझ्या मनात तेच येते. त्या सगळ्या मिरच्या मी तोडल्या आणि खड्डा करून पुरल्या.

त्यानंतर झाडांना पुन्हा फुले आली, मिरच्या धरल्या. पाने थोडी चुरडली आहेत. फळीवर तंबाखूची पुडी आहे, ती मी उघडलेली नाही.

परवा रुखमाबाईंनी भिंतीपलीकडून विचारले, "भाऊ, दवा कधी मारली?"

"मारलीच नाही. ह्या वहिनींच्या मागून लागल्या."

त्यांनी चार मिरच्या नेल्या. काल पुन्हा आल्या आणि पुन्हा तेच विचारले. कालच सांगितले ना, असे मी म्हणालो.

"ठावं आहे हो मला," त्या म्हणाल्या. "पण कोणी सांगितल्याबिगर मिरचीला हात धजत नाही."