मामा शेवटी जेवतात

डहाणूपासून तलासरीपर्यंत असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याला माझ्या मामांनी डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला लावली नाही. सापडलाच तर तो काल रात्रीच उंबरगावहून आलेला असणार, आणि आज दुपारपर्यंत त्याचीही सुटका नाही. मामांची चिकूची वाडी आहे, दारात म्हशी आहेत, आणि डॉक्टरकीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. पण एकदा पेपरात देशाचा नकाशा आला, कुठल्या राज्यातल्या बायकांच्या अंगात रक्त किती कमी ते रंगांनी दाखवणारा. त्या सकाळपासून निदान आपला तालुका तरी त्या नकाशात सुधारायचा, असं मामांनी मनावर घेतलं. लग्नात कुणी सून नमस्काराला वाकली की आशीर्वादाच्या आधी पापणी. वाणगावच्या बाजारात भाव करण्याच्या आधी भाजीवालीची पापणी. "फिक्कट! एकदम फिक्कट! बेन, शेवगा खा, शेवगा!" असं ते ज्या बाईला ओरडून सांगत, ती शेवगाच विकायला बसलेली असे.

जेवणावर चहा पिणाऱ्या माणसाचा तर त्यांना मनस्वी राग. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांचे व्याही एकदा जेवून चहाची वाट बघत बसले आणि शेवटी स्टेशनवर जाऊन प्याले, ते अजून नीट बोलत नाहीत. भाजी लोखंडी कढईतच व्हायची, त्यामुळे मामांकडे दुधी आहे की वांगं हे रंगावरून कधी कळलं नाही. आणि ती काळी भाजी वाढून घेत मामा देशाची परिस्थिती समजावून सांगायचे. शहरात असं, खेड्यात तसं, किनाऱ्याला वेगळं, डोंगरात वेगळं. "हा रोग पाड्यावरचा, गरिबीचा. आपल्याकडे कुठून येणार? घरात तूप आहे!"

मामी तेव्हा मागे उभ्या राहून वाढत असत. लग्न होऊन आल्यापासून त्या दर वर्षी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा गड चढायच्या, अगदी वरच्या स्थानापर्यंत. अलीकडे मात्र पायथ्याच्या देवळातूनच हात जोडून परत येत. धाप लागते, वय झालं, म्हणायच्या. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं, मामांनीसुद्धा. अख्ख्या तालुक्यात ती एकच पापणी त्यांनी पाहिली नव्हती.

मग एके दिवशी मामांनी वाडीत कामाला येणाऱ्या बायकांचं रक्त तपासायला सरकारी दवाखान्याच्या आशाताईंना बोलावलं. कैनाडहून येणाऱ्या काशीचं कमी निघालं, तिच्या बरोबरच्या दोघींचंही. मामांनी लगेच भाषण सुरू केलं. आशाताई नवी सुई काढत म्हणाल्या, "शेठ, मामींचं पण बघून टाकू?" मामा मोठ्यांदा हसले. मामींचं रक्त काशीपेक्षाही कमी निघालं.

मामांनी पहिल्यांदा यंत्राला शिव्या घातल्या. मग स्वतःचं बोट पुढे केलं, मुलाचं करायला लावलं, मलाही सोडलं नाही. आम्ही सगळे पुरुष ठणठणीत! "एकाच घरात, एकाच कढईतलं खातो ना आपण?" मामा ओरडले. काशी हसू दाबत म्हणाली, "शेठ, बायका तुमच्या मागून जेवतात. मग कढईत काय राहतं?" मामा मामींकडे वळले. "मला भूकच नसते हो," मामी म्हणाल्या.

दोन दिवस मामांनी कुणाचीच पापणी पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी पाट मांडताना त्यांनी जाहीर केलं, या घरात आता बायका आधी जेवतील. माशाच्या कालवणातले मधले तुकडे मामींच्या ताटात पडू लागले आणि मामा समोर खुर्ची टाकून राखण करू लागले. "खा! परत घे! मी बघतोय!" वाडीतही दुपारी बायकांना पोटभर जेवण सुरू झालं, जेवणावर चहा बंद. डॉक्टरांच्या गोळ्या मामा लिंबाच्या पाण्याबरोबर स्वतः हातात देत. दर तपासणीला आकडा चढला की फटाके, आणि काशीचा चढला तेव्हा तर पेढेसुद्धा.

यंदा मामी गड चढल्या. काशी बरोबर होती. दोघी बोलत बोलत पुढे निघून गेल्या आणि मामाच मधल्या वळणावर दगडावर बसून हाश्शहुश्श करत राहिले. वरून मामींनी स्वतःची पापणी खाली ओढून दाखवली, तेव्हा मामा उठून उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "ती माझी बायको! ती वर पोचलेली!" मला इतका आनंद झाला की मीही ओरडलो.

त्या रात्री गडावरून सगळेच भुकेले आले होते, आणि मामा नव्या रीतीप्रमाणे सगळ्यांच्या मागून जेवायला बसले. पातेल्यात थोडा रस्सा आणि शेपटीचा एक तुकडा राहिला होता, भात खरवडून काढावा लागला. मामा ताटाकडे बघत राहिले. "काय रे," ते मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं ती हेच जेवत होती?"

"थांबा, भात लावते," मामी आतून म्हणाल्या.

"नको गं. मला भूकच नाही."

मामी बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघून हसल्या. "हे मीच तुम्हाला इतकी वर्षं सांगत आले," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कुकर चढवला.